कारखाना बंद करताना टाक्यांची सफाई : बडोद्यात अर्ज कुठे अडतो

मकरपुरा, नंदेसरी, रणोली, मंजुसर, कुठल्याही वसाहतीतलं केमिकल युनिट बंद व्हायचं ठरलं की पहिला फोन भंगारवाल्याला जातो. घोळ तिथूनच सुरू होतो. टाक्या, रिअ‍ॅक्टर आणि ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) धुऊन निघालेला गाळ, तेलकट चिंध्या, केमिकलची रिकामी पिंपं हे सगळं घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत येतं. ते कुठे गेलं याचे कागद नसतील, तर गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळात, म्हणजे जीपीसीबीत, तुमची फाइल मिटत नाही.

या कचऱ्यासाठी जीपीसीबीकडे अर्ज करायचा तो सीसीएवर, म्हणजे मंडळाच्या एकत्रित संमती आणि अधिकारपत्रावर, ज्याचं नाव ऑक्युपायर (कारखान्याचा ताबा असलेली व्यक्ती) म्हणून आहे त्याने. कंपनी असेल तर संचालकांचा ठराव, भागीदारी असेल तर सगळ्या भागीदारांच्या सह्या. वडिलांच्या नावाचं युनिट असेल आणि ते हयात नसतील, तर आधी वारसाचे कागद देऊन नाव बदलून घ्या. भाऊभाऊ वेगळे होण्याच्या गडबडीत हे राहून जातं आणि पुढचं सगळं त्यावर अडतं.

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते सीसीएच्या मुदतीवर. ‘उत्पादनच बंद आहे, मग नूतनीकरणाचे पैसे कशाला भरायचे?’ असं मालक म्हणतात, आणि ते समजण्यासारखं आहे. पण मुदत संपली की कचरा पाठवण्याचं अधिकारपत्रही संपतं. गाळ आवारातच पडून राहतो आणि तुम्ही विनापरवाना साठा करणारे ठरता. शेवटचं पिंप बाहेर पडेपर्यंत सीसीए जिवंत ठेवा.

दुसरा अडथळा म्हणजे कोणाकडेच नसलेला कागद. सीसीएत वर्षाला किती आणि कुठला कचरा निघणार ते लिहिलेलं असतं, पण ते चालू उत्पादनाच्या हिशोबाने. वर्षानुवर्षं टाकीच्या तळाशी साचलेला गाळ त्यात कुठेच नसतो. सफाईआधीच अंदाजे वजन आणि वर्गवारी देऊन अधिकारपत्रात दुरुस्ती मागा. नियमांच्या यादीत केमिकल लागलेली रिकामी पिंपं 33.1 मध्ये, सफाईच्या चिंध्या 33.2 मध्ये, वापरलेलं तेल 5.1 मध्ये येतं. सोबत गाळाचा प्रयोगशाळा अहवाल आणि ज्या टीएसडीएफकडे, म्हणजे घातक कचऱ्यावर प्रक्रिया करून विल्हेवाट लावणाऱ्या केंद्राकडे, माल जाणार तिथल्या सभासदत्वाचा दाखला जोडा. बंद होणारं युनिट पुन्हा दुरुस्ती कशाला मागतंय, असा प्रश्न कार्यालयात हमखास येतो. हा प्रश्न विचारण्याआधी त्यांनी स्वतःचेच नियम वाचायला हवेत, पण तुम्ही कव्हरिंग लेटरमध्ये कारण स्पष्ट लिहिलंत तर निदान हेलपाटा वाचेल.

घातक कचरा आवारात साठवण्याच्या 90 दिवसांच्या मुदतीचाही अर्थ चुकीचा लावला जातो. ते कारखाना बंद झाल्यापासून किंवा अर्ज मंजूर झाल्यापासून मोजत नाहीत, कचरा निघून साठवायला लागलात की सुरू होतात. म्हणून मंजुरी हातात येण्याआधी टाकी उपसायला घेऊ नका. साठवलेल्या प्रत्येक पिंपावर फॉर्म 8 चं लेबल हवं : झगझगीत पिवळं, पाण्याने न पुसणारं, मजकूर इंग्रजी, हिंदी आणि इथे गुजरातीत. खडूने किंवा मार्करने लिहिलेलं पहिल्या पावसात धुऊन जातं, आणि पिंपात काय आहे हे मग कोणीच सांगू शकत नाही.

वीज जोडणी घाईने तोडू नका. टाक्या धुतलेलं पाणी ईटीपीतूनच जायला हवं, म्हणजे ईटीपी सर्वांत शेवटी रिकामा होणार, आणि तोवर पंप चालायला हवेत.

एक कळकळीची विनंती. टाकीत माणूस उतरवण्याआधी वायूची तपासणी आणि सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला हवाच. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 36 पासून ही अट आहे. आत न्यायचा दिवा 24 व्होल्टच्या वरचा नको, आणि कमरेला पट्टा, त्याचा दोर बाहेरच्या माणसाच्या हातात. ज्वलनशील माल साठवलेल्या टाकीला, आतला माल आणि वाफ पूर्ण काढल्याशिवाय, गॅस कटर लावायचा नाही. ठेकेदार ‘पाच मिनिटांचं काम आहे’ म्हणाला तरी थांबवा. ईटीपीच्या खड्ड्यातल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. जास्त प्रमाणात असेल तर नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, म्हणून वास नाही यावर विसंबून कोणाला आत सोडू नका.

माल निघताना फॉर्म 10 चं मॅनिफेस्ट, म्हणजे मालासोबत जाणारा वाहतुकीचा कागद, बनतं. त्याची पिवळी प्रत तुमच्याकडे राहते, ती घेऊन लोक निश्चिंत होतात. माल पोचल्याची खरी पावती निळी प्रत, ती टीएसडीएफकडून परत येते. ती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका, कारण माल मधेच कुठे ओतला गेला तर नियम 23 खाली नुकसानीची जबाबदारी तुमच्यावरही येते.

शेवटचा फॉर्म 4, म्हणजे वार्षिक विवरणपत्र, 30 जूनपर्यंत भरायचंच आहे. मार्चआधी युनिट बंद झालं असलं, तरी त्या आर्थिक वर्षात निघालेला सफाईचा सगळा कचरा त्यात दाखवा. त्यातले आकडे आणि मॅनिफेस्टवरची वजनं जुळली पाहिजेत.