'पहिला हाफ हळू पळा' हे मुळात आलं कुठून?

फुल मॅरेथॉनचं रजिस्ट्रेशन केलं रे केलं की सल्ले सुरू. सुरुवात हळू कर, एक तरी 32 किमीचा लाँग रन झालाच पाहिजे, मायलेज, म्हणजे आठवड्याचं एकूण अंतर, आठवड्याला दहा टक्क्यांच्या वर वाढवू नको, तहान लागायच्या आधी पाणी पी. सांगणारे इतकं ठासून सांगतात की हे सगळं कुठेतरी दगडावर कोरलेलं असावं असं वाटतं. पण थोडं मागे जाऊन बघितलं तर यातले काही सल्ले कुणाचे तरी पाय गळपटल्यावर आलेत आणि काही निव्वळ गोल आकडे आहेत.

पेसिंगचा, म्हणजे वेग नीट वाटून पळण्याचा, पहिला धडा पहिल्याच ऑलिम्पिक मॅरेथॉनने दिला होता. 1896, अथेन्स, अंतर साधारण 40 किमी. फ्रान्सचा आल्बिन लेर्म्युझिओ सुसाट सुटला आणि बराच वेळ पुढेच होता, मग 32 किमीच्या आसपास संपला. त्याच्या जागी पुढे आला ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक, तोही शेवटच्या टप्प्यात कोसळला. आता गंमत बघा, फ्लॅकने त्याच स्पर्धेत 800 आणि 1500 मीटर जिंकले होते आणि लेर्म्युझिओ 1500 मध्ये तिसरा होता, म्हणजे दोघंही मुळात कमी अंतराचे पळणारे. जिंकला तो ग्रीसचा स्पिरिडॉन लुईस, 2:58:50, मागून येऊन. 1908 च्या लंडनमध्ये तर इटलीचा दोरांदो पिएत्री स्टेडियममध्ये पहिला शिरला, उलट्या बाजूला वळला, पुन्हा पुन्हा पडला, लोकांनी उठवून रेषेपार नेला आणि मदत घेतली म्हणून बाद झाला. मॅरेथॉनचा 42.195 किमी हा आकडा पण याच शर्यतीचा, 1921 मध्ये तो कायमचा ठरला.

म्हणजे तीसच्या पुढे काहीतरी होतं हे सगळ्यांना दिसत होतं, पण नक्की काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. दम कमी पडला, जिद्द कमी पडली, असंच समजायचे.

खरं उत्तर 1924 मध्ये बोस्टनला अर्धंमुर्धं हाती लागलं. तिथल्या काही डॉक्टरांनी मॅरेथॉन संपवून आलेल्यांचं रक्त तपासलं, तर जे पांढरेफटक पडले होते, बरळत होते, त्यांची रक्तातली साखर खूप खाली गेलेली. पुढच्या वर्षी त्याच डॉक्टरांनी काही रनर्सना आदल्या दिवशी पिष्टमय जास्त खायला सांगितलं आणि पळताना गोळ्या, म्हणजे साध्या गोड गोळ्या, चघळायला दिल्या. लोक बऱ्याच चांगल्या अवस्थेत आले. आज आपण पळताना खायच्या साखरेच्या जेलचं पाकीट दाताने फाडतो ना, त्याचा पणजोबा हाच. पण ही गोष्ट छापून आली आणि कित्येक दशकं तशीच पडून राहिली, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

मग 1960 च्या दशकात स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन यांनी थेट मांडीत सुई घालून स्नायूचा छोटा तुकडा काढायला सुरुवात केली, एका प्रयोगात तर दोघांनी स्वतःच्याच मांड्या वापरल्या, दोन बाजूंना बसून एकाच सायकलला प्रत्येकी एक पाय मारायचा आणि दुसऱ्या पायाला आराम. मारलेल्या पायातलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, संपलं, नंतर भरपूर कार्ब, म्हणजे पिष्टमय, खाल्ल्यावर त्याच पायात ते आधीपेक्षा कितीतरी जास्त भरलं, दुसऱ्यात नाही. शर्यतीआधी असा साठा भरून घ्यायचं कार्ब लोडिंग इथून आलं. आणि 'हळू सुरू करा' या सल्ल्याला कारण मिळालं तेही यातूनच. हिशोब साधा आहे, पळायला ढोबळमानाने वजनाच्या किलोमागे दर किलोमीटरला एक कॅलरी लागते, म्हणजे 70 किलोच्या माणसाला फुलसाठी तीन हजारच्या आसपास, आणि शरीरात कार्बचा साठा साधारण दोन हजारांचा. उरलेलं चरबीतून काढायचं, पण पेस जितका जास्त तितका कार्बचा वाटा जास्त. त्यामुळे पहिल्या दहा किमीत हौसेने काढलेले वीस-वीस सेकंद तिसाव्यानंतर मिनिटांनी परत द्यावे लागतात. मी हे वाचून गेलो होतो, पाठ होतं, तरी पहिल्या फुलमध्ये हाफ वेळेआधी काढून खूश झालो आणि शेवटचे आठ किमी चाललो, ते सोडा.

घड्याळ बघून पळायची सवय त्याआधीची. फिनलंडचा पावो नुर्मी 1920 च्या दशकात हातात स्टॉपवॉच धरून पळायचा, प्रतिस्पर्धी कुठेही असोत, हा आपला आकडा बघणार. याच्या अगदी उलट किस्सा 1952 च्या हेलसिंकीचा. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक 5,000 आणि 10,000 मीटर जिंकून आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन पळत होता, शेजारी ब्रिटनचा जिम पीटर्स, ज्याने त्याच जूनमध्ये मॅरेथॉन 2:20:42 मध्ये काढलेली. पेस फार नाही ना, असं झाटोपेकने विचारलं आणि पीटर्सने खोडी काढायला उलट हळूच आहे म्हणून सांगितलं, असं सांगतात. झाटोपेक खरंच पुढे निघून गेला, 2:23:03 मध्ये जिंकला, पीटर्सने तिसाव्याच्या आसपास शर्यत सोडली. अनुभवी माणसाचा सल्ला ऐकावा की नाही यावर या किश्श्यातून काय घ्यायचं मला अजून कळलेलं नाही.

ट्रेनिंगकडे वळलं तर त्या काळात जोर ट्रॅकवरच्या इंटरव्हलवर, म्हणजे मध्ये थोडी विश्रांती घेत जोरात पळायच्या छोट्या तुकड्यांवर, होता, झाटोपेक 400 मीटरचे ढिगाने काढायचा. ते उलटवलं न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डने. चपलांच्या कारखान्यात काम करणारा माणूस, स्वतःवर प्रयोग करून करून ठरवलं की आधी आठवड्याला 160 किमी बेस बांधा, तोही बोलता येईल अशा पेसने. त्याचा 800 मीटरवाला पीटर स्नेलसुद्धा रविवारी 35 किमीचा डोंगराळ लूप मारायचा. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये स्नेल आणि त्याच्याच हॅल्बर्गला सुवर्ण, मॅरेथॉनमध्ये त्याच्याच मॅगीला ब्राँझ, तेव्हा जग ऐकायला लागलं. रविवारचा लाँग रन जगभर पसरला त्यात त्याचा मोठा हात आहे. आणि 32? ते 20 मैल आहेत, बाकी काही नाही. मैलात मोजणाऱ्यांना 20 आकडा सुबक वाटला, आपण तो किमीत करून घेतला. ज्याला 32 किमीला चार तास लागतात त्याने तो आकडा गाठायलाच हवा असं मला तरी वाटत नाही.

दहा टक्क्यांचंही तसंच. 2008 मध्ये नेदरलँड्समध्ये पाचशेच्या वर नवख्या रनर्सवर तपासलं, एका गटाला दहा टक्क्यांच्या हिशोबाने 13 आठवडे आणि दुसऱ्याला नेहमीचा 8 आठवड्यांचा प्लॅन, दोन्हीकडे इंजुरी साधारण पाचात एकाला. नियम वाईट नाही पण जादूही नाही.

पाण्याचा सल्ला तर दोन टोकांना जाऊन आलाय. 1904 च्या सेंट लुईसमध्ये आयोजकांनी उन्हात, धुळीत पाणी जवळजवळ ठेवलंच नव्हतं, 32 जणांपैकी 14 पोचले. पुढे शतकाच्या शेवटी हे इतकं उलटलं की जमेल तितकं प्या असं अधिकृतपणे सांगायला लागले. मग 2002 च्या बोस्टनमधल्या 488 रनर्सचा अभ्यास 2005 मध्ये आला, त्यात 13 टक्के लोकांचं रक्तातलं सोडियम सामान्य पातळीच्या खाली होतं, आणि त्यात पळताना वजन वाढलेले जास्त, म्हणजे घाम गेला त्याहून पाणी जास्त प्यायलेले. तेव्हापासून तहान लागेल तसं प्या.

टार्गेट टायमिंग काढायचं कॅल्क्युलेटर बहुतेक ठिकाणी पीट रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरच्या 1977 च्या सूत्रावर चालतं, आधीच्या शर्यतीची वेळ गुणिले अंतराच्या गुणोत्तराचा 1.06 वा घात. हाफ दोन तासात तर फुल 4:10. मायलेज कमी असेल तर हा आकडा फारच उदार आहे, वीसेक मिनिटं घालूनच बघा. हाच रीगल पुढे रोड रेसचे कोर्स मोजायच्या कामातही होता, आणि कोर्स मोजताना तो कमी भरू नये म्हणून 0.1 टक्के जास्तच ठेवतात, म्हणजे फुलला 42 मीटर. त्यात आपण वळणांवर बाहेरून जाणार, वॉटर स्टेशनला तिरके घुसणार, म्हणून जीपीएस घड्याळ 42.2 दाखवून मोकळं होतं आणि फिनिशची कमान अजून तीन-चारशे मीटर लांब दिसत असते. चार तासांच्या आत यायचं असेल तर घड्याळावर किलोमीटरला 5:41 नाही, 5:37 धरून पळा.