कव्हरची फर्माईश

एका रॉक बँडने दुसऱ्या बँडचे गाणे मंचावर वाजवावे अशी श्रोत्यांची आस आणि ती बँडच्या कानावर घालण्याचे नाना मार्ग, असा या नोंदीचा विषय आहे. कव्हर म्हणजे एकाचे गाणे दुसऱ्याने आपल्या ढंगात सादर करणे. आवडत्या बँडकडे त्याचेच गाणे मागणे ही साधी फर्माईश झाली. इथे गाणे एका घरचे आणि गळा दुसऱ्या घरचा असतो. मागणाऱ्याचा दोघांवरही जीव असतो, आणि अजून कोणीच न वाजवलेले काहीतरी त्याच्या कानात आधीपासून घुमत असते. म्हणून ही फर्माईश रसिकतेची एक कसोटीही आहे. कोणाचे गाणे कोणाला शोभेल हे सुचायला दोन्ही बँड आतून ऐकलेले असावे लागतात.

शब्द आणि सुरुवात

'कव्हर' हा शब्द बाजारातून आला. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत एखादे गाणे चालू लागले की दुसऱ्या कंपन्या तेच गाणे आपल्या गायकाकडून घाईने गाऊन घेत आणि त्याची तबकडी विक्रीला आणत. सुरुवातीच्या रॉक बँडांचे तर सगळे शिक्षणच परक्या गाण्यांवर झाले. बीटल्स हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र रात्र वाजवत, ते बहुतांशी दुसऱ्यांचेच. १९६३ साली निघालेल्या 'प्लीज प्लीज मी' या त्यांच्या पहिल्या अल्बममधल्या १४ गाण्यांपैकी ६ इतरांची होती. त्याच वर्षी आलेली रोलिंग स्टोन्सची पहिली तबकडी अमेरिकी रॉक गायक चक बेरीच्या गाण्याची होती.

पुढच्या काही वर्षांत चित्र पालटले. आपली गाणी आपणच रचायची, ही रॉक बँडची ओळख ठरली आणि परके गाणे कार्यक्रमात एखाददुसरेच उरले. कव्हर रोजचे होते तोवर त्याची कोणी वाट पाहत नव्हते. ते विरळ झाले, तेव्हा त्याची ओढ लागली.

ओढ कशाची

पहिले कारण अगदी सरळ आहे: काही गाणी मूळ बँडकडून प्रत्यक्ष ऐकायला मिळणे शक्यच नसते. बीटल्सनी २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये तिकीट लावलेला शेवटचा कार्यक्रम केला. त्याच महिन्यात निघालेल्या 'रिव्हॉल्व्हर'मधले एकही गाणे त्यांनी त्या दौऱ्यात वाजवले नाही. 'सार्जंट पेपर' या त्यांच्या पुढच्या अल्बमचे शीर्षकगीतही त्यांनी कधी कॉन्सर्टमध्ये वाजवले नाही. ते वाजवले गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने. अल्बमची अधिकृत तारीख १ जून १९६७ होती. ४ जूनला लंडनच्या सॅव्हिल थिएटरमध्ये हेंड्रिक्सने आपल्या कार्यक्रमाची सुरुवातच त्या गाण्याने केली, आणि बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनी व जॉर्ज हॅरिसन समोर बसले होते. ही कोणाची फर्माईश नव्हती. तरी कव्हर ऐकताना अंगावर काटा का येतो हे समजून घ्यायचे तर या प्रसंगापाशी यावे लागते. ज्यांनी गाणे केले त्यांनाही ते तिथे नव्याने भेटले.

दुसरे कारण म्हणजे बँड संपणे. ड्रमवादक जॉन बॉनमच्या मृत्यूनंतर १९८० मध्ये लेड झेपलिन हा बँड थांबला, पण त्यांची गाणी कोणी तोलामोलाच्या वादकांनी मोठ्या मंचावर वाजवावीत ही इच्छा थांबली नाही. ऑक्टोबर १९९९ मध्ये लॉस एंजेलिसच्या ग्रीक थिएटरमध्ये ब्लॅक क्रोज या बँडने झेपलिनचा गिटारवादक खुद्द जिमी पेज याला सोबत घेऊन ती वाजवली. पुढच्या वर्षी त्याचा अल्बम निघाला, तेव्हा त्यात झेपलिनची आणि जुन्या ब्लूजची गाणी आली, पण ब्लॅक क्रोजची स्वतःची गाणी कराराच्या अडचणीमुळे वगळावी लागली. यजमानांची गाणी बाहेर आणि पाहुण्याची आत, असा तो अल्बम झाला. ७ जून २००८ रोजी फू फायटर्स या बँडच्या लंडनमधल्या वेम्बली स्टेडियमवरच्या कार्यक्रमात पेज आणि झेपलिनचाच जॉन पॉल जोन्स मंचावर आले आणि झेपलिनची दोन गाणी झाली. त्या दोन गाण्यांपुरते का होईना, निम्मे झेपलिन लोकांना पुन्हा एकत्र ऐकायला मिळाले.

तिसरे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते, ते म्हणजे कल्पनाशक्ती. हा आवाज त्या गाण्यात शिरला तर काय होईल? या प्रश्नाला श्रोते दोन दिशांनी भिडतात. काही जण सारखेपणा शोधतात: दोन्ही बँड जड गिटारचे, दोघांचे गुरू एकच, तर जमेलच. काही जण उलट टोके जोडू पाहतात. सारख्याला सारखे जोडले की बरेचदा चांगली नक्कल हाती येते. विजोड जोडीतून गाण्याचे न दिसलेले अंग उघडे पडण्याची शक्यता जास्त असते. निर्वाणा या बँडने १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यू यॉर्कमध्ये एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' या कार्यक्रमासाठी वाजवलेल्या १४ गाण्यांपैकी ६ दुसऱ्यांची होती. त्यांत डेव्हिड बोवीचे एक होते, शेवटी लेड बेली या जुन्या ब्लूज गायकाच्या ढंगातले एक जुने लोकगीत होते, आणि तीन गाणी मीट पपेट्स या फारशा प्रसिद्ध नसलेल्या बँडची होती, तीही त्या बँडच्या दोघा भावांना शेजारी बसवून. गाजलेल्या गाण्यांच्या अपेक्षेने ऐकणाऱ्यांना हे सुरुवातीला कोड्यात टाकणारे होते. आज त्या कार्यक्रमाची आठवण निघते, तेव्हा आधी ही परकी गाणीच आठवतात.

ओरडणे, फलक, मोहीम

फर्माईश पोचवण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत गाण्याचे नाव ओरडणे. लिनर्ड स्किनर्ड या बँडच्या १९७३ च्या पहिल्या अल्बममधल्या 'फ्री बर्ड'चे नाव तर कोणत्याही बँडच्या कार्यक्रमात ओरडले जाऊ लागले, इतके की त्यात मागणी फारशी उरली नाही आणि ती एक घोषणाच झाली. खरोखर काही हवे असणाऱ्याने दुसरा मार्ग धरावा, हे बरे.

तो मार्ग ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि ई स्ट्रीट बँडच्या कार्यक्रमांत पाहायला मिळतो. श्रोते पुठ्ठ्यावर गाण्याचे नाव लिहून आणतात, स्प्रिंगस्टीन मंचाच्या कडेला येऊन ते पुठ्ठे गोळा करतो आणि त्यांतला एखादा उचलून बँडला दाखवतो. ७ जुलै २०१३ रोजी लाइपझिगमध्ये चक बेरीच्या 'यू नेव्हर कॅन टेल'चा फलक निघाला. त्यानंतर जे घडले त्याचे चित्रण उपलब्ध आहे, आणि या विषयावर त्याच्याइतके बोलके दुसरे काही नाही. स्प्रिंगस्टीन गिटारवर चाचपडत पट्टी शोधतो, एक पट्टी सोडून दुसरी धरून पाहतो, ब्रासवाल्यांकडे वळून त्यांच्या ओळी तोंडाने गाऊन दाखवतो, आणि हजारो माणसे ही तालीम श्वास रोखून पाहत असतात. मग गाणे सुरू होते आणि पहिल्या काही मात्रांतच बँड एकजीव होतो. लोक इथे गाण्याइतकाच तो धोका ऐकायला आलेले असतात. फसण्याची शक्यता डोळ्यांदेखत असल्याशिवाय साधल्याचा आनंद एवढा होत नाही.

तिसरा मार्ग चिकाटीचा. अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलीने डिसेंबर २०१७ मध्ये ट्विटरवर खास खाते उघडून वीझर या बँडकडे एकच मागणी लावून धरली: टोटो या बँडचे १९८२ सालचे 'आफ्रिका' वाजवा. बँडने २४ मे २०१८ रोजी आधी टोटोचेच दुसरे गाणे, 'रोझाना', प्रसिद्ध करून सगळ्यांना हुलकावणी दिली. पाच दिवसांनी 'आफ्रिका' आले. त्या उन्हाळ्यात ते बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या ऑल्टरनेटिव्ह गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले आणि वीझरच्या कार्यक्रमांत ठाण मांडून बसले. टोटोनेही त्याच वर्षी वीझरचे 'हॅश पाइप' करून परतफेड केली. पुढे जानेवारी २०१९ मध्ये वीझरने आख्खा कव्हर-अल्बम काढला. वीझरला स्वतःहून हे सुचले असते असे वाटत नाही. कोणत्या गळ्यात कोणते गाणे बसेल हे ओळखण्यात एक श्रोती बँडच्या पुढे होती, एवढे श्रेय तिला द्यायलाच हवे.

वाजवताना काय अडते

श्रोते जोड्या लावतात त्या बहुधा आवाजांच्या. प्रत्यक्षात गाणे अडते ते इतरत्र. मूळ गायकाची पट्टी नव्या गायकाला झेपली नाही तर गाणे उतरवावे लागते, आणि उतरवले की मोकळ्या तारांवर बसवलेली गिटारची चाल तशीच्या तशी वाजत नाही. जड संगीताचे बँड तारा मुळातच खाली लावतात, त्यामुळे वाद्ये बदलायची की गाणे हलवायचे असा प्रश्न येतो. स्टुडिओत एकावर एक थर देऊन केलेले गाणे चार माणसांनी वाजवायचे तर काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरवावे लागते. पण माझ्या मते खरा निकाल ड्रम आणि बासकडे असतो. ठेका परका राहिला तर गळा कितीही शोभो, गाणे पाहुण्यासारखे अवघडून बसते. शिवाय कार्यक्रमाची वेळ ठरलेली असते. एक कव्हर आले की बँडचे एक गाणे जाते, आणि नेमके तेच ऐकायला आलेला कोणीतरी गर्दीत असतोच.

परवानगी आणि पैसा

परवानगीची अडचण लोकांना वाटते त्याहून कमी आहे. अमेरिकेत ॲस्कॅप (स्थापना १९१४) आणि बीएमआय (१९३९) यांसारख्या संस्था सभागृहांना सरसकट परवाने देतात, आणि त्यांच्या यादीतले गाणे मंचावर वाजवण्यासाठी गीतकाराकडे वेगळे जावे लागत नाही. ब्रिटनमध्ये हे काम पीआरएस करते. पैसे रचनाकार आणि प्रकाशकाला मिळतात, मूळ गाणाऱ्या बँडला बँड म्हणून नाही. म्हणजे 'आफ्रिका' मंचावर वाजते, तेव्हा मानधनाचे हक्कदार असतात त्याचे रचनाकार डेव्हिड पेच आणि दिवंगत जेफ पोर्कारोचे वारस. त्याच कार्यक्रमाचे चित्रण प्रसिद्ध करायचे झाले तर मात्र वेगळे हक्क लागतात.

कायद्यापेक्षा मान-अपमान गुंतागुंतीचा असतो. अमेरिकी गायक प्रिन्सने २६ एप्रिल २००८ रोजी कोचेला महोत्सवात रेडिओहेड या बँडचे 'क्रीप' लांबवून, आळवून गायले. श्रोत्यांनी टिपलेली चित्रफीत प्रिन्सच्या बाजूने हटवली गेली. हे कळल्यावर रेडिओहेडचा गायक टॉम यॉर्कचे म्हणणे होते की गाणे आमचे आहे, ते लोकांना पाहू द्या. याच प्रिन्सला फू फायटर्सनी केलेले आपल्या 'डार्लिंग निकी'चे कव्हर रुचले नव्हते. आणि ४ फेब्रुवारी २००७ रोजी मायामीत सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात, भर पावसात, त्यानेच फू फायटर्सचे 'बेस्ट ऑफ यू' वाजवले. त्याने कारण सांगितले नाही, आणि ते वादन ऐकल्यावर कारणाची गरजही वाटत नाही.

गावोगावची गाणी

मेटालिकाने २०१७ पासूनच्या युरोप दौऱ्यात फर्माईशीची वाट न पाहता एक प्रथा पाडली. बँडमधले कर्क हॅमेट आणि रॉबर्ट ट्रुहियो हे दोघे त्या त्या देशातले लोकांच्या ओठांवरचे गाणे वाजवत. २ एप्रिल २०१८ रोजी प्रागमध्ये त्यांनी इव्हान म्लादेकचे 'योझिन झ बाझिन' धरले आणि ट्रुहियोने ते चेक भाषेत म्हटले. २१ जुलै २०१९ रोजी मॉस्कोच्या लुझनिकी स्टेडियमवर किनो या बँडचे 'ग्रुप्पा क्रोवी' सुरू होताच गाण्याचा ताबा प्रेक्षकांनी घेतला. उच्चार अडखळतात, वादनही ओबडधोबड होते, पण दुरून आलेल्या माणसाने आपली ओळ पाठ करून आणली आहे एवढे लोकांना पुरते. त्यानंतर पुढच्या शहरातले लोक आपल्या वाट्याला कोणते गाणे येईल यावर आधीपासूनच तर्क लढवू लागले.

आख्खे अल्बम

एका गाण्यावर न थांबता पूर्ण अल्बम वाजवण्याची परंपराही आहे. ड्रीम थिएटरने २००२ मध्ये बार्सिलोनात मेटालिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' आणि पॅरिसमध्ये आयर्न मेडनचा 'द नंबर ऑफ द बीस्ट' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला, तर २००५ मध्ये लंडनला पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून'.

या बाबतीत फिश या अमेरिकी बँडइतके कोणी श्रोत्यांच्या अटकळींशी खेळलेले नाही. हॅलोवीनच्या रात्री लोक वेष घालतात, तर आपण दुसऱ्या बँडचा अल्बम अंगावर चढवावा, ही त्यांची कल्पना. १९९४ मध्ये चाहत्यांकडून टपालाने मते मागवली गेली आणि ग्लेन्स फॉल्स इथे बीटल्सचा १९६८ चा दुहेरी 'व्हाइट अल्बम' वाजला. १९९५ मध्ये द हू यांचा 'क्वाड्रोफेनिया' झाला. १९९६ मध्ये अटलांटात टॉकिंग हेड्सचा 'रिमेन इन लाइट' झाला, त्यासाठी ब्रास आणि जादा तालवाद्ये आणावी लागली. तो अल्बम बसवताना अंगात मुरलेला ठेका पुढच्या वर्षीच्या फिशच्या स्वतःच्या वादनात स्पष्ट ऐकू येतो. कव्हरने वाजवणाऱ्याला बदलल्याचा इतका ढळढळीत दाखला क्वचितच सापडतो. १९९८ मध्ये लास व्हेगासच्या हॅलोवीननंतर बरेच चाहते घरी परतले, आणि २ नोव्हेंबरला युटामध्ये, मोकळ्या खुर्च्यांपुढे, बँडने कोणतीही सूचना न देता आख्खा 'द डार्क साइड ऑफ द मून' वाजवला.

तेव्हापासून हॅलोवीन जवळ आला की यंदा कोणाचा अल्बम, यावर चाहत्यांत चर्चा रंगते. २०१८ मध्ये त्यांच्या हाती छापील पत्रक आले: आज कास्व्होट वॅक्स्ट या स्कँडिनेव्हियन बँडचा जुना, दुर्मीळ अल्बम सादर होईल. लोक त्या बँडचा शोध घेऊ लागले. असा बँड कधी अस्तित्वातच नव्हता. अल्बममधली सगळी गाणी फिशने स्वतः नवी रचली होती, आणि त्यांतली काही आजही त्यांच्या कार्यक्रमांत वाजतात.