‘सिस्टेमिक दोष सापडलेला नाही’: ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या एका वाक्यामागची पार्श्वभूमी

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिस प्रकरणाच्या बातम्या २०२४ पासून आपल्याकडेही बऱ्यापैकी येतायत. टीव्हीवरची मालिका, किताब परत करणाऱ्या माजी बॉस बाई, संसदेने कायदा करून रद्द केलेल्या शेकडो शिक्षा, हे बहुतेकांनी वाचलेलं असेल म्हणून परत सांगत नाही. आठवण म्हणून एवढंच, की ‘होरायझन’ नावाची कॉम्प्युटर सिस्टीम पोस्टाच्या शाखांच्या हिशेबात नसलेली तूट दाखवत होती, आणि पोस्ट ऑफिस कंपनीने ती खरी धरून शाखा चालवणाऱ्यांवरच खटले भरले. मला लिहायचंय ते वेगळ्या गोष्टीबद्दल. २००९ पासून पत्रकार या कंपनीला प्रश्न विचारत होते, म्हणजे मालिका यायच्या पंधरा वर्षं आधीपासून, आणि तरी कंपनी जागची हलली नाही. ती प्रत्येक वेळी काहीतरी उत्तर देत होती आणि ते उत्तर चालून जात होतं. ते का चालून गेलं हे समजून घ्यायचं तर आधीचं थोडं बघावं लागतं.

एक खुलासा आधीच करतो, कारण मराठी वाचकाचा इथे हमखास घोटाळा होतो. आपल्याकडे सबपोस्टमास्तर म्हणजे खात्याचा नोकर, त्याला पगार, बदली, पेन्शन सगळं असतं. तिकडचा सबपोस्टमास्तर हा कंत्राटावर पोस्टाची शाखा चालवणारा दुकानदार, एका बाजूला दूध-ब्रेड-पेपर आणि कोपऱ्यात काचेमागे पोस्टाचा काउंटर. त्यात भारतीय वंशाचे लोक खूप, आयुष्यभराची पुंजी घालून शाखा घेतलेले. करारात लिहिलं होतं की निष्काळजीपणामुळे किंवा चुकीमुळे तूट आली तर ती त्याने भरायची, पण कंपनी वागायची अशी की तूट दिसली म्हणजे चूक त्याचीच.

‘होरायझन’ ही सिस्टीम मुळात फक्त काउंटरच्या हिशेबासाठी जन्मली नव्हती. १९९६ मध्ये सरकारी भत्ते कार्डावर द्यायची योजना होती, तिचं कंत्राट एका आयटी कंपनीला गेलं जी पुढे पूर्णपणे जपानी मालकीची झाली. १९९९ मध्ये ते कार्ड रद्द झालं, आणि जे उरलं ते शाखांच्या हिशेबासाठी बसवायला घेतलं. त्याच सुमाराला कायद्यातही एक बदल झाला ज्याकडे तेव्हा कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही. आधी कॉम्प्युटरचा कागद पुरावा म्हणून आणायचा तर मशीन नीट चालत होतं हे आणणाऱ्याने दाखवायचं, असा १९८४ चा नियम होता. १९९९ च्या कायद्याने तो काढला आणि २००० पासून उलट झालं, मशीन बरोबरच आहे असं गृहीत, शंका असेल तर आरोपीने दाखवून द्यायचं. आता दुकानदाराकडे ना कोड, ना लॉग, ना त्या आयटी कंपनीच्या इंजिनिअरांच्या नोंदी, तो दाखवणार काय? त्यातून पोस्टाला पोलिसांची गरजच नव्हती, स्वतःचे तपासनीस, स्वतःचे वकील, खटला पण स्वतःच भरायचा. ज्याचे पैसे गेले म्हणे तोच तपास करणार आणि तोच फिर्यादी.

२००५ नंतर हिशेब महिन्याने बंद करायचा झाला, त्या संध्याकाळी काय व्हायचं ते बघण्यासारखं आहे. दुकान बंद, शटर अर्धं खाली, रोकड दोनदा मोजलेली, स्टँप मोजलेले, आणि स्क्रीन सांगतेय दोन हजार पौंड कमी. वादातली रक्कम बाजूला ठेवायची जी सोय आधी होती ती काढून टाकलेली. दोनच पर्याय, आत्ता भरा नाहीतर कंपनीच्या नावे देणं म्हणून मान्य करा. ‘मला हा आकडा मान्य नाही’ असं बटणच नव्हतं. आणि दोनापैकी काही दाबल्याशिवाय सकाळी काउंटर उघडत नव्हता. हेल्पलाइनला फोन केला की अनेकांना एकच ऐकायला मिळायचं, असं फक्त तुमच्याकडेच होतंय. मग काहींनी आकडा जुळला असं लिहून दिलं, घरचे दागिने मोडून वेळ मारून नेली, आणि नंतर खोटा हिशेब दिल्याचा गुन्हा त्याच सहीवरून लागला.

मे २००९ मध्ये कॉम्प्युटर क्षेत्रातल्या एका मासिकाने सात जणांच्या कहाण्या छापल्या. त्याच वर्षी वॉरिकशायरमधल्या एका खेड्यातल्या हॉलमध्ये हे लोक पहिल्यांदा एकत्र बसले आणि ‘फक्त तुमच्याकडेच’ हे खोटं आहे हे एकमेकांची तोंडं बघूनच कळलं. कंपनीने काय केलं? २०१० मध्ये एक अंतर्गत अहवाल बनवला, आणि लिहिणाऱ्याने पुढे या प्रकरणाच्या सार्वजनिक चौकशीत सांगितलं की सिस्टीमवर भरवसा का ठेवावा याची कारणं तेवढी द्या असंच त्याला सांगितलं होतं. म्हणजे दुसरी बाजू तपासायचीच नव्हती. त्याच वर्षी सरेमधल्या एका भारतीय वंशाच्या बाईंना गरोदर असताना १५ महिन्यांची शिक्षा झाली, मुलाच्या दहाव्या वाढदिवशी. निकालानंतर कंपनीच्या वकिलाने आत मेल फिरवला की आता बाकीचे होरायझनवर आरोप करायला धजावणार नाहीत अशी आशा आहे. तो मेल मी वाचला तेव्हा बराच वेळ पुढचं काही वाचवलं नाही.

आता शीर्षकातलं ते वाक्य. खासदारांच्या रेट्याने २०१२ मध्ये कंपनीने बाहेरचे हिशेब-तपासनीस नेमले, त्यांचा पहिला, अंतरिम अहवाल जुलै २०१३ मध्ये आला. त्यात म्हटलं होतं की होरायझन सॉफ्टवेअरमध्ये आत्तापर्यंत सिस्टीमभर पसरलेल्या दोषाचा पुरावा मिळालेला नाही, आणि ‘सिस्टीमभर’च्या पुढे कंसात ‘सिस्टेमिक’ हा शब्द. कंपनीने तेवढंच उचललं, आणि पुढची कितीतरी वर्षं पत्रकाराने काहीही विचारलं की तेच, सिस्टेमिक दोष सापडलेला नाही. मंत्र्यांनी तेच म्हटलं, पेपरांनी तेच छापलं.

या एका शब्दात दोन वेगवेगळे अर्थ आहेत आणि सगळा खेळ त्यांच्यामध्ये झालाय. एक अर्थ, सगळ्या शाखांत सारखा असलेला दोष. दुसरा, कामाच्या पद्धतीतच मुरलेला दोष, म्हणजे सॉफ्टवेअर, ट्रेनिंग, हेल्पलाइन, तपास, सगळं धरून. तपासनीसांनी पहिला अर्थ घेतला, तोही ‘आत्तापर्यंत’ असं म्हणून आणि चारच प्रकरणं खोलात बघून. वाचणाऱ्याला मात्र ऐकू येतं की सॉफ्टवेअर ठीक आहे. मराठीत ‘यंत्रणेत दोष नाही’ असं लिहिलं तर तो ‘आत्तापर्यंत’ही जातो, ‘सिस्टीमभर’ही जातो, आणि उरतं ते सरळ खोटं. कारण त्याच अहवालात पुढे लिहिलेलं होतं की दोन दोषांमुळे ७६ शाखांचे आकडे चुकले होते. साडेअकरा हजारांवर शाखांपैकी ७६ म्हणजे ‘सिस्टीमभर’ नाही, मान्य. पण खटला कधी साडेअकरा हजार शाखांवर भरला जात नाही, तो एका शाखेतल्या एका माणसावर भरला जातो. कंपनी अभिमानाने सांगायची की रोज साठ लाख व्यवहार होतात. मग लाखात एक जरी चुकला तरी रोजचे साठ झाले. दोष सगळीकडे नाही याचा अर्थ तुझ्याकडे नव्हता असा होत नाही, आणि एवढी साधी गोष्ट इतक्या शिकलेल्या लोकांना कळत नव्हती यावर माझा विश्वास नाही.

कळत होती असं मानायला कारणही आहे. अहवाल यायच्या काही दिवस आधी कंपनीच्या प्रमुख बाईंनी नवऱ्याला विचारलं होतं की ‘बग’साठी, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या दोषासाठी, भावना न भडकवणारा शब्द कुठला, आणि उत्तर आलं ‘एक्सेप्शन’ किंवा ‘अॅनॉमली’, म्हणजे अपवाद किंवा विसंगती. त्याच जुलैमध्ये बाहेरच्या एका वकिलाने कंपनीला लेखी सांगितलं की खटल्यांमध्ये सिस्टीमची ग्वाही देणाऱ्या तज्ज्ञ साक्षीदाराला बग माहीत होते आणि त्याने ते कोर्टाला सांगितले नाहीत. ज्यांना त्या साक्षीवर शिक्षा झाली त्यांना हे कळवायला हवं होतं. त्यांना याची कुणकुण लागायला २०२० उजाडलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा गुन्हा हाच, कारण इथून पुढे ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही.

२०१५ मध्ये कंपनीने बाहेरच्या त्या हिशेब-तपासनीसांचंच काम थांबवलं. त्याच ऑगस्टमध्ये एका मोठ्या टीव्ही कार्यक्रमात त्या आयटी कंपनीचा जुना कर्मचारी बोलला की आम्ही लांबून शाखेच्या हिशेबात शिरू शकत होतो, दुकानदाराच्या नकळत. प्रसारणाआधी पोस्ट ऑफिसने चॅनलवर दबाव आणला, दाव्याची धमकी दिली, आणि असं शक्यच नाही हे ठासून सांगितलं. पुढच्या काही महिन्यांत एक बग उघड झाला तो बघा. ८,००० पौंडांची रोकड नोंदवताना स्क्रीन अडकली, माणसाने परत परत एंटर दाबलं, आणि तीच रक्कम चार वेळा नोंदली गेली, म्हणजे न आलेले २४,००० पौंड त्याच्या नावावर. हे २०१५ मध्ये, सोळा वर्षं सिस्टीम चालल्यावर.

पुढचं भराभर सांगतो. ५५५ जणांनी मिळून दावा लावला. मार्च २०१९ मध्ये पहिला निकाल विरोधात गेल्यावर कंपनीने न्यायाधीशच बदलून मागितले, ते फेटाळलं गेलं. डिसेंबरच्या निकालात लांबून शिरता येत होतं हे सिद्ध झालं, २९ बगची यादी आली, आणि न्यायाधीशांनी कंपनीच्या भूमिकेची तुलना पृथ्वी सपाट आहे म्हणण्याशी केली. तडजोड पाच कोटी ७७ लाख पौंडांची, पण वकील आणि दाव्यासाठी पैसा लावणारे यांचं देऊन प्रत्येकाच्या हातात सरासरी वीसेक हजार. एप्रिल २०२१ मध्ये अपील कोर्टाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली. २०२३ मध्ये पोस्टाच्या स्वतःच्या तपासनीसांचा एक कागद बाहेर आला ज्यात आरोपींची वंशावरून वर्गवारी होती, भारतीय-पाकिस्तानी एका खान्यात. कंपनीने माफी मागितली.

जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक चौकशीचा पहिला खंड आला. सुमारे हजार लोकांवर खटले झाले आणि किमान १३ आत्महत्यांचा या प्रकरणाशी संबंध असू शकतो, असं त्यात आहे. कॉम्प्युटर बरोबरच आहे असं गृहीत धरणाऱ्या त्या नियमावर सरकारने जानेवारी २०२५ मध्ये मतं मागवली, म्हणजे नियम लागू झाल्यावर जवळपास पंचवीस वर्षांनी.

काउंटरवर तेव्हाही होरायझनच चालू होतं. २०२४ मध्ये चौकशीसाठी आत्ताच्या सबपोस्टमास्तरांचा सर्व्हे केला, त्यात दहातल्या जवळपास सात जणांनी सांगितलं की २०२० नंतरही न समजणारी तफावत आली होती, आणि त्यातल्या अनेकांनी ती गुपचूप स्वतःच निस्तरली.