निर्वाह वेतन (नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात)

निर्वाह वेतन : कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला दोन वेळचे जेवण, कपडालत्ता आणि निवारा तर मिळावाच, शिवाय मुलांचे शिक्षण, आजारपण, म्हातारपण यांचीही सोय लावता यावी एवढी मजुरी. ती मिळवून देण्यासाठी राज्याने झटावे, असे भारतीय संविधानाचा अनुच्छेद ४३ सांगतो. त्यात शेती, उद्योग आणि इतर सर्व क्षेत्रांतील कामगार येतात, म्हणजे कोणतेही काम वगळलेले नाही. मात्र हे मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे केवळ त्याच्या आधारावर कोर्टात दाद मागता येत नाही. प्रत्येक कामाची मजुरी पोटापुरती हवी, ही मागणी यातूनच येते; ती नाशिक जिल्ह्यात कुठे अडते ते पाहू.

१९४८ साली नेमलेल्या वाजवी वेतन समितीने मजुरीच्या तीन पायऱ्या सांगितल्या : तळाशी किमान वेतन, वर वाजवी वेतन, सर्वांत वर निर्वाह वेतन. कायद्याची सक्ती तळच्या पायरीपुरतीच राहिली. तीही मोजायची कशी, हे १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत ठरले. कमावता पुरुष एक, बायको ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६, असे मिळून तीन ‘खाणारे’ धरले. प्रत्येकाला २,७०० कॅलरी, चौघांना वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, शिवाय इंधन-दिवाबत्तीसह किरकोळ खर्चासाठी २० टक्के. बायको-मुलांची कमाई हिशेबात धरायची नाही, हेही त्यात होते. यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य, म्हातारपण यांसाठी २५ टक्के मिळवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात सांगितले. सरकारनेच नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने २०१९ मध्ये, जुलै २०१८ च्या भावांनी, दिवसाला ३७५ रुपये हा राष्ट्रीय किमान आकडा सुचवला. त्या वेळी केंद्राचा किमान पातळीचा दर २०१७ पासून १७६ रुपये होता आणि तोही राज्यांवर बंधनकारक नव्हता.

नाशिकमध्ये या साऱ्या आकडेमोडीची कसोटी द्राक्षबागेत लागते. निफाड, दिंडोरी भागातल्या बागांची वर्षातून दोनदा छाटणी होते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर डोळ्यांना पेस्ट लावणे, फेलफूट (घड नसलेले फुटवे) काढणे, शेंडा मारणे, डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), घडांची विरळणी ही कामे एकामागून एक येतात आणि प्रत्येकाचे दिवस मोजके असतात. वेळ चुकली तर मालाची प्रत बिघडते, म्हणून ऐन हंगामात बागाईतदारच मजुरांच्या मागे फिरतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतून भात-नागली उरकून टोळ्या येतात. काम बहुधा एकरी उक्ते (दिवसावर नव्हे, पुऱ्या कामाच्या रकमेवर) ठरते आणि हात चालणाऱ्या टोळीला त्यात पडणारा रोज सरकारी दरापेक्षा जास्तही असू शकतो. तरी हंगाम संपून गावी परतल्यावर दारिद्र्य जागच्या जागीच असते, कारण दर दिवसाचा ठरतो आणि पोट वर्षाचे असते. शिवाय टोळीत नवरा-बायको दोघेही राबतात. एकाच्या कमाईत तीन खाणारे बसवण्याचा १९५७ चा हिशेब इथे कोणी लावतच नाही. दोघांच्या मजुरीत घर भागले, तर मजुरी पुरेशी आहे असे मानले जाते. ‘प्रत्येक कामाची मजुरी पोटापुरती हवी’ या मागणीतली पहिली अडचण हीच : मोजायचे काय, रोज की वर्ष, माणूस की घर?

रोजगार हमीच्या आकड्यांत हे स्वच्छ दिसते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्राने १९७७ साली हा कायदा केला, तेव्हा कामाचे दिवस मिळण्यावर भर होता. २००५ च्या केंद्रीय कायद्याने घरटी वर्षाला शंभर दिवस ठरवले. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. शंभरच्या शंभर दिवस मिळाले असे धरले, तर ३१,२०० रुपये होतात. पाच माणसांच्या घरात माणशी महिन्याला ५२० रुपये. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने काढलेली देशाची ग्रामीण दारिद्र्यरेषा २०११-१२ च्या भावांनीच ८१६ रुपये होती. योजना पूरक रोजगाराची आहे, एकमेव कमाईची नाही, हे मान्य करायला हवे. पण सुरगाण्याच्या डोंगरात ज्याला ती पूरक ठरावी असे मुख्य काम कोणते, हे कागदावर कुठे लिहिलेले नाही.

मालकाला परवडत नसेल तर? किमान वेतनापुरते उत्तर न्यायालयाने फार पूर्वी दिले आहे. १९५७ च्या क्राउन ॲल्युमिनियम प्रकरणात, किमान मजुरीही देऊ न शकणाऱ्या उद्योगाला चालू राहण्याचा हक्क नाही, असे म्हटले गेले. १९८२ च्या, दिल्लीतील एशियाड खेळांच्या बांधकामावरील कामगारांच्या निकालाने किमान दरापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही वेठबिगारीच ठरवली. वाजवी वेतनाच्या पायरीपासून मात्र मालकाची ऐपत पाहिली जाते. अवकाळी पावसाने मणी तडकले की बागाईतदार स्वतःच कर्जात जातो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली, तेव्हा भाव पाडणारा त्याचा मजूर नव्हता. ‘मालक’ म्हणून सगळ्यांना एका दावणीला बांधणे इथे चुकीचे ठरते.

एका मजुराचे मालक अनेक असतील तर काय करावे, याची एक वाट १९६९ च्या माथाडी कायद्याने काढली. बाजार समितीत हमाल आज या व्यापाऱ्याच्या गाळ्यावर, उद्या त्या. त्याची नोंद माथाडी मंडळाकडे होते आणि मजुरीवर लेव्ही (ठरावीक टक्के जादा रक्कम) आकारून भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस यांची तरतूद होते. म्हणजे हमालीसारख्या फुटकळ कामालाही म्हातारपणाची सोय जोडता येते. पण लेव्ही कोणाच्या खिशातून जायची हा प्रश्न उरतोच. लासलगाव, पिंपळगाव बसवंत यांच्यासह जिल्ह्यातले कांदा लिलाव २०२४ मध्ये लेव्ही आणि हमाली-तोलाईच्या कपातीवरून बंद पडले होते. शेतकऱ्याच्या पट्टीतून (मालविक्रीच्या हिशेबातून) कापायचे की व्यापाऱ्याने भरायचे, यावर ते अडले.

उक्त्याचे आणखी प्रकार जिल्ह्यात जुने आहेत : सिन्नरला विड्या हजारावर मोजतात, मालेगावच्या यंत्रमागावर कापड मीटरवर. वीज गेली, माग थांबला, की मजुरीही थांबते.

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत, तसेच सरकारी योजनांत, प्रश्न शब्दांचा होतो. शिकाऊ कामगाराला मिळते ते ‘विद्यावेतन’, आशा आणि अंगणवाडी सेविकेला मिळते ते ‘मानधन’. काम रोजचेच असते, पण पैशाचे नाव बदलले की किमान वेतनाचा दर लावायचा की नाही, यावर वाद घालता येतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने अनुसूचित उद्योगांची (ज्यांनाच आधी किमान वेतन लागू होते त्यांची) यादी काढून किमान वेतन सर्व कर्मचाऱ्यांना लागू केले. मानधनाचा शब्द त्याने पुसला गेला नाही. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ठरवले, तेव्हा त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्यापुरते ‘वेतन’च आहे, असेही निकालात सांगावे लागले.