क्रमवीक्षक प्रकाशतंतू शलाका

शरीराच्या आत पोचून तिथल्या ऊतींची सूक्ष्मदर्शकीय प्रतिमा जागच्या जागी मिळवणारे, जेमतेम काही मिलिमीटर जाडीचे प्रकाशीय उपकरण. बोलताना तिला प्रोब म्हणतात. एंडोस्कोपच्या, म्हणजे शरीरात घालायच्या दुर्बिणीच्या, हत्यारे घालायच्या पोकळीतून, जिचा व्यास बहुधा २.८ मिमी असतो, ती आत सारता यावी हे उद्दिष्ट असते.

नेहमीच्या दुर्बीण तपासणीत अन्ननलिकेचे किंवा आतड्याचे अस्तर दिसते, पेशी दिसत नाहीत. संशय आला की तुकडा काढायचा, त्याचे पातळ काप करून रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. अहवालाची ती वाट किती लांब असते, हे घरातल्या कोणाचा तुकडा तपासायला गेला की कळते. शिवाय तुकडा नेमक्या रोगट जागेवरून निघेलच असे नाही. ही शलाका तुकडा सूक्ष्मदर्शकाकडे आणण्याऐवजी सूक्ष्मदर्शकच ऊतीपाशी नेते.

यासाठी एक सरळ मार्ग तंतूंच्या जुडीचा आहे. पॅरिसच्या मौना किया टेक्नॉलॉजीज कंपनीच्या सेलविझिओ या यंत्रात अशी जुडी असून तिच्यातल्या सुमारे ३०,००० तंतूंवरून लेसर किरण फिरतो तो शरीराबाहेरच. रचना भक्कम आहे, पण प्रत्येक तंतू म्हणजे चित्राचा एक ठिपका. दोन तंतूंमधले अंतर पडते तिथला तपशील हरवतो आणि चित्रावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी उमटते.

दुसरा मार्ग अधिक देखणा आहे: तंतू एकच घ्यायचा आणि त्याचे टोक हलवायचे. बाकाच्या कडेला पट्टी दाबून धरून मोकळ्या टोकाला टिचकी मारली की ती थरथरते. पट्टी जितकी आखूड बाहेर, तितकी थरथर जलद. इथे पट्टीच्या जागी काचेचा तंतू असतो आणि टिचकीच्या जागी पीझोइलेक्ट्रिक नळी. विद्युत दाब बदलला की ही नळी किंचित वाकते. तिच्या तोंडाबाहेर १२५ मायक्रोमीटर जाडीचा तंतू साधारण ४.५ मिमी मोकळा ठेवला, तर त्याची स्वाभाविक कंप्रता सेकंदाला ५,००० आवर्तनांच्या आसपास येते. नळीने त्याच तालावर धक्के दिले की अनुस्पंदनामुळे अगदी थोड्या हालचालीतून टोकाला मोठा झोका मिळतो.

दोन दिशांचे झोके पाव आवर्तनाच्या फरकाने दिले की टोक वर्तुळात फिरते. झोका हळूहळू वाढवला की वर्तुळाचे सर्पिल होते. सोऱ्यातून चकली पाडताना वेटोळे मध्यापासून बाहेर जाते, तसाच हा प्रवास. ५,००० आवर्तनांच्या वेगाने २५० फेरे ५० मिलिसेकंदांत पुरे होतात. मग उलटे धक्के देऊन तंतू थांबवतात आणि पुढचे चित्र पुन्हा मध्यापासून सुरू होते. टोकापुढचे भिंग तो प्रकाशबिंदू ऊतीवर उमटवते. शलाकेत कॅमेरा नसतोच. कोणत्या क्षणी टोक कुठे होते हे आधी मोजलेले असते, म्हणून परतलेल्या प्रकाशाचा प्रत्येक क्षणाचा आकडा संगणक योग्य जागी बसवतो. मध्याशी टोक सावकाश फिरत असल्याने तिथे प्रकाशाचा मारा जास्त होतो आणि ऊतीतला फ्लुओरोसंट, म्हणजे प्रकाश पडला की चमकणारा, रंग फिका पडू शकतो. त्यामुळे लेसरची तीव्रता मध्याशी उतरवावी लागते.

मार्विन मिन्स्की यांनी १९५७ मध्ये एकस्व अर्ज केलेल्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकात नाभीबाहेरचा, म्हणजे भिंग जिथे प्रकाश एकवटते त्या बिंदूच्या बाहेरून येणारा, प्रकाश गाळण्यासाठी बारीक छिद्र लागते. इथे तंतूचा काही मायक्रोमीटरचा गाभाच ते काम करतो. द्विफोटॉन पद्धतीत दोन प्रकाशकण एकाच वेळी शोषले गेले तरच चमक उठते आणि ते नाभीपाशीच घडते, म्हणून छिद्राचीही गरज उरत नाही, मात्र अतिलघू लेसर स्पंद तंतूतून जाताना पसरतात, म्हणून ते आधीच उलट दिशेने ताणून सोडावे लागतात. परतणारा क्षीण प्रकाश गोळा करायला दुहेरी आवरणाचा तंतू वापरतात. हेल्मखेन, फी, टँक व डेंक यांनी २००१ मध्ये अशाच कंप पावणाऱ्या तंतूवर उंदराच्या डोक्यावर बसवायचा २५ ग्रॅमचा द्विफोटॉन सूक्ष्मदर्शक उभा केला. कॉर्नेल विद्यापीठातील गटाने २०११ मध्ये ३ मिमी व्यासाची शलाका दाखवली. तिने न रंगवलेल्या ऊतींची सेकंदाला ४.१ चित्रे टिपली.

वॉशिंग्टन विद्यापीठात एरिक सायबेल यांच्या गटाने हेच तंत्र लाल, हिरव्या व निळ्या लेसरसह रंगीत चित्रणासाठी वापरले आणि दोरीला बांधलेली, गिळता येणारी कॅप्सूल बनवली. ती पेशी नव्हे, अन्ननलिकेचे अस्तर दाखवते. मानवी चाचणीत ती प्रथम गिळली स्वतः सायबेल यांनी. हे वृत्त २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

खरी कसोटी जिवंत शरीरात लागते. श्वासाने आणि हृदयाच्या ठोक्याने ऊती हलतात, आणि दृष्टिक्षेत्र बहुधा अर्ध्या मिलिमीटरहून लहान असल्याने एवढ्याशा हालचालीनेही पाहायची जागा निसटते. शलाका अस्तरावर टेकवून धरली तर चित्र स्थिरावते, पण जास्त दाबली तर रक्त येते. आणखी एक अडचण डोळ्यांच्या सवयीची आहे: पॅथॉलॉजिस्ट अस्तराचे उभे काप वाचायला शिकलेले असतात, तर कॉन्फोकल शलाका पृष्ठभागाला समांतर, आडवा थर दाखवते. मोठ्या आतड्यातल्या ग्रंथी उभ्या कापात परीक्षानळ्यांसारख्या दिसतात. इथे त्यांची तोंडे वरून, गोल ठिपक्यांच्या रांगांसारखी दिसतात.