जाताना सोळा तास, येताना चौदा

परभणीची माझी थोरली बहीण गेल्या हिवाळ्यात लेकीकडे अमेरिकेला जाऊन आली. मुंबईहून न्यूयॉर्कला पोचायला जवळपास सोळा तास लागले, परतताना चौदाच. आल्या आल्या तिनं विचारलं, "कामून रे? अंतर तर तेवढंच ना?"

अंतर तेवढंच. मी पृथ्वीगोल पुढ्यात घेतला आणि शिलाईचा दोरा मुंबई ते न्यूयॉर्क ताणून धरला. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका अशी जाते. गोलावर मात्र ताणलेला दोरा सरकत सरकत थेट उत्तरेला चढला : सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, मग आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि खाली न्यूयॉर्क. ही लांबी सुमारे १२,५०० किलोमीटर भरते. होकायंत्राची एकच दिशा धरून गेलं तर साधारण १,७०० किलोमीटर जास्त पडतात. प्रत्यक्षातली विमानं अगदी दोऱ्यावरून जात नाहीत. एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असली की वळसा पडतोच.

मग दोन तास गेले कुठं? ताईचा अंदाज होता, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्याचा परिणाम असणार. पुष्कळांना असंच वाटतं. पण देवगिरी एक्स्प्रेसच्या डब्यात लाडू वर उडवला तर तो मागच्या बाकावर पडत नाही, हातातच येतो. कारण गाडीबरोबर तोही धावत असतो. पृथ्वीबरोबर तिची हवाही तशीच फिरते, आणि विमान त्या हवेत उडतं.

खरं कारण वाऱ्यात आहे. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची गारठलेली. या फरकामुळं उंचावर हवा ध्रुवाकडं निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळं पूर्वेला वळते. म्हणजे ताईच्या अंदाजात तथ्य होतं, फक्त ते आडवाटेनं लागू पडतं. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर हे वारे नदीसारख्या अरुंद पट्ट्यात वाहतात, कधी ताशी २०० किलोमीटरच्याही वर. विमानंही नेमकी त्याच उंचीवर उडतात.

हिशोब सोपा आहे. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० धरा आणि वाटेवरच्या वाऱ्याची सरासरी फक्त ५०. जाताना ८५०, येताना ९५०. एवढ्यानंच दीड तासाचा फरक पडतो. ९ फेब्रुवारी २०२० च्या पहाटे ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत उतरलं. जमिनीच्या हिशोबानं त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, ध्वनीपेक्षाही जास्त. तरी ध्वनीची भिंत काही फुटली नाही, कारण भोवतालची हवाच त्याच्यासोबत धावत होती.

असाच एक वाऱ्याचा झोत हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारतावर येतो. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारे पाऊस-बर्फाचे कमी दाबाचे पट्टे, त्याच्याच आधारानं पूर्वेकडं सरकतात, आणि त्यात समुद्रावरचं बाष्प मिसळलं की ऐन काढणीच्या दिवसांत मराठवाड्यात गारा पडू शकतात. हे सांगताच ताईला २०१४ आठवलं. तेव्हा तिच्या शेतातली कणसांनी भरलेली ज्वारी एका दुपारीत आडवी झाली होती.