प्राणवायूअभावी यकृताला होणारी इजा आणि पॅरासिटामॉलची विषबाधा
यकृतातील रक्ताभिसरण खालावल्याने झालेली इजा आणि पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेने झालेली इजा यांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवले, तर अनुभवी डोळाही चकू शकतो. यकृत खंडिका नावाच्या बारीक घटकांचे बनलेले असते आणि प्रत्येक खंडिकेच्या मध्यातून एक शीर जाते. दोन्हींत या मध्यवर्ती शिरेभोवतीच्या पेशी मरतात, खंडिकेच्या कडेच्या बऱ्याचशा तगतात, आणि इजा झालेल्या पेशींतून रक्तात उतरणारी एएलटी व एएसटी ही विकरे (एन्झाइम) हजारांच्या घरात जातात.

घाव एकाच जागी पडतो, कारणे मात्र वेगळी असतात. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश पोर्टल शिरेतून येते. ते आतड्यांतून फिरून आलेले असल्याने त्यातील काही प्राणवायू आधीच खर्च झालेला असतो, म्हणून उरलेले एक चतुर्थांश रक्त आणणारी यकृत धमनी प्राणवायूचा जवळजवळ निम्मा वाटा उचलते. हे मिश्र रक्त कडेकडून मध्याकडे झिरपताना वाटेतल्या पेशी प्राणवायू घेत जातात. कडेला प्राणवायूचा दाब साधारण 60 ते 65 मिमी पारा असतो, तर मध्यवर्ती शिरेपाशी 30 ते 35. कालव्याच्या शेपटाकडच्या शेताची जी गत, तीच या पेशींची. रक्तदाब कोसळला की आधी त्याच गुदमरतात.

गंमत अशी की, प्राणवायूचा रेणू वापरूनच काम करणारी सायटोक्रोम पी-450 गटातील विकरे याच पेशींत सर्वाधिक असतात. नेहमीच्या मात्रेतील पॅरासिटामॉलचा बहुतांश भाग ग्लुक्युरोनाइड किंवा सल्फेट जोडून निरुपद्रवी केला जातो, आणि थोड्याच भागापासून या विकरांद्वारे एनएपीक्यूआय हे विषारी संयुग बनते, ज्याला ग्लुटाथिओन हे पेशीतील संरक्षक संयुग लगेच आवरते. अतिमात्रेत जोडणीची क्षमता अपुरी पडते, ग्लुटाथिओन संपते, आणि मोकळे संयुग पेशीतील प्रथिनांना चिकटते. इथे पेशी उपासमारीने नव्हे, स्वतःच्याच कामाने मरते.

निदानात विकरांच्या आकड्यापेक्षा घटनाक्रम अधिक बोलतो. रक्ताभिसरण सुधारल्यावर पहिल्या प्रकारातील विकरे काही दिवसांत झपाट्याने उतरतात, तर विषबाधेत ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिखर गाठतात. रुग्ण उशिरा आला, तर रक्तात पॅरासिटामॉल सापडत नाही. तेवढ्यावरून विषबाधा नाकारणे चूक ठरते. पहिल्या प्रकारात उपचार हृदयाचा व रक्तदाबाचा करावा लागतो. दुसऱ्यात एन-ॲसिटाइलसिस्टीन देऊन ग्लुटाथिओनचा साठा भरून काढतात, आणि ते अतिमात्रा घेतल्यापासून पहिल्या 8 तासांत सर्वाधिक परिणामकारक असल्याने नुसता रास्त संशय असला तरी निश्चित निदानाची वाट न पाहता सुरू केले जाते.